स्पेशल खुराक

आमच्या घराण्यात नऊ वर्षं अबोला होता आणि त्याचं कारण एक रोडगा होता.

लोकांचे भाऊबंद शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून भांडतात, विहिरीच्या पाण्यावरून भांडतात. आम्ही रोडग्यावरून भांडलो! जाडसर दळलेल्या गव्हाची कणीक, तिच्यात तेलाचे पदर घालून वळलेला गोळा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा, राख झटकायची, फोडायचा, वर तूप ओतायचं आणि वांग्याच्या भाजीसोबत हाणायचा. एवढ्याशा गोष्टीवरून माणसं नऊ वर्षं एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, हे सांगायचीसुद्धा लाज वाटते.

आमचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, हे सबंध रोहणा गावात रोडग्यांचे शंकराचार्य. निखारा त्यांनीच पाडायचा, गोवऱ्या त्यांनीच निवडायच्या. घरी थापलेली गोवरी त्यांना चालायची नाही. रानात पडल्या जागी वाळलेली शेणी पाहिजे, आणि तीही बाभळीच्या शेंगा खाल्लेल्या गाईची! शेणी नाकाशी धरून ते सांगायचे, "हे गाय नाल्याकडं चरत होती." (गाय येऊन खोटं पाडणार नव्हती, त्यामुळे सगळे माना डोलवायचे.)

तर शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमारास शेतात रोडग्यांचं जेवण होतं. पन्नास माणसं पंगतीला. मी रोडगा फोडला आणि बोललो, "मोठेबाबा, कच्चा हाय."

"काय म्हनलं?"

माणसानं इथं गप्प बसायचं असतं. पण मला लहानपणापासून एक खोड आहे. कोणी "काय म्हनलं?" असं दरडावून विचारलं की माझं डोकं फिरतं.

"कच्चा! कच्चा! आतून निस्तं पीठ हाय!"

मोठेबाबांनी हातातला चिमटा खाली ठेवला, उपरण्यानं हात पुसले आणि म्हणाले, "आजपासून तुह्या घरचं पाणी मले हराम." आणि चालते झाले. आता तुम्ही म्हणाल, मोठ्या माणसाला असं बोलावं का? नसेल बोलावं. पण रोडगा कच्चाच होता, हे मी आजही सांगतो!

पुढे आमचे बाबा गेले. मोठेबाबा खांदा द्यायला आले, ढसाढसा रडले, आणि पाण्याचा घोट न घेता परत गेले. आमचं ढेपेचं, म्हणजे पेंडीचं दुकान आहे. सरकीची ढेप, चुनी, खाद्य दाबून केलेली कांडी, जनावराला लागेल ते सगळं. गावात तेवढं एकच दुकान, त्यामुळे मोठेबाबांची पंचाईत. ते स्वतः पायरी चढायचे नाहीत. सालदार देवरावला पाठवायचे आणि ढेप कुठून आली हे आपल्याला ठाऊकच नाही असा चेहरा करून म्हशीला चारायचे.

आईला मात्र ते लागून राहिलं होतं. बाबांमागे तिला मोठं म्हणावं असं तेवढंच एक माणूस होतं. "माह्या जिवात जीव हाय तवर भाऊजीनं ह्या घरात एक घास खाल्ला पाह्यजे," हे ती दर सणाला म्हणायची आणि माझ्याकडे पाहायची. शेवटी एक दिवस ती कोणाला न सांगता स्वतः मोठेबाबांच्या घरी गेली. परत आली ती चेहरा उजळूनच.

"येतो म्हनलं. येत्या आयतवारी. पण एक अट हाय."

"कोनती?"

"रोडगे तुह्या हातचे. म्हने, वसंताले दुसऱ्याचे कच्चे दिसते नं, मंग त्याचे पक्के कसे होते थे मले पाहाचं हाय."

असा संताप आला मला! ही जेवायला येण्याची रीत झाली का? हा तर परीक्षेचा पेपर! पण आईच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून दातांवर दात ठेवून "येऊ द्या" म्हणालो. मनात मात्र ठरवलं की गोवरीला हात लावायचा नाही. त्यांच्याच शेणीवर त्यांना हरवणं शक्य नव्हतं.

त्याच आठवड्यात मी आणि सुनंदा (ही माझी बायको, माझ्यावर न चिडणारं घरातलं शेवटचं माणूस, तेही त्या आठवड्यापर्यंतच) वर्ध्याला गेलो होतो. तिथे एका मैदानावर प्रदर्शन भरलं होतं. एक माणूस पंख्याच्या शेगडीवर जाळी ठेवून वांगी भाजत होता. धूर नाही, फुंकणी नाही, डोळ्यांत पाणी नाही! शेगडीत लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या कांड्या टाकायच्या, बटन दाबायचं, खालून बॅटरीचा पंखा हवा मारतो आणि निळी आच लागते. वरून झाकण ठेवलं की आत भट्टी. मी पाहतच राहिलो.

"कांड्या तीन तऱ्हेच्या आहेत, भाईसाब," तो म्हणाला. तीन ताटल्या पुढे सरकवल्या. "ये आंबा. गोड वास येतो. ये तुराटी. झट से पेटते. और ये बाभूळ. कडक आच, खमंग माल."

आता माल पारखणं हा आमचा पिढीजात धंदा. मी काय त्याच्या शब्दावर घेणार? आंब्याची कांडी नाकाशी धरली. तुराटीची नखानं फोडली. बाभळीची मात्र ओळखू येईना, म्हणून सरळ दाढेखाली घातली. तोंड असं तुरट झालं की जीभ टाळूला चिकटली.

"अवो, पेटवाच्या हायेत का खायाच्या?" सुनंदा कुजबुजली.

"तुले काय समजते? माल चावल्याशिवाय कळत नाई."

"लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे! थे चावत नाई म्हनून फसते."

मी शेगडी घेतली आणि सोबत पोतंभर बाभूळ निवडली. का? तर मोठेबाबांची गाय बाभळीच्या शेंगा खाते. त्यांची बाभूळ गाईच्या पोटातून फिरून येणार, माझी सरळ झाडावरून! या विचारावर मी वर्ध्यापासून आर्वीपर्यंत एसटीत एकटाच हसत होतो. निघताना तो विक्रेता आणखी एक वाक्य बोलला, आणि त्या वाक्याबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही. "भाईसाब, मूठ मूठ डालते रहना. यही इसका खुराक है."

खुराक! काय शब्द! मला तो भलताच आवडला.

दुकानात पोतं ठेवताना सुनंदा म्हणाली, "हे पोतं आपल्या कांडीच्या पोत्यावानीच हाय. पांढरंच. आतला मालही तसाच दिसते. त्याच्यावर 'सरपण' लिहून ठेवा, नाईतं मिसळन."

"सरपण? याले सरपण म्हनते का कोनी? सरपण म्हंजे काड्या-काटक्या! हे नव्या जमान्याची चीज हाय."

"मंग काय लिहाचं थे लिहा, पण लिहा."

"मले शिकवू नोको!"

आणि रागारागात काळ्या रंगाचा डबा घेऊन मी त्या पोत्यावर वीतभर अक्षरांत लिहिलं: 'स्पेशल खुराक'. जनावरांच्या खाद्याच्या दुकानात! जिथे येणारा प्रत्येक माणूस "खुराक द्या" म्हणतो, तिथे! (हे लिहिताना आजही माझा हात स्वतःच्या थोबाडाकडे जातो.) खालून ओल लागू नये म्हणून ते पोतं मी आतल्या खोलीत, कोपऱ्यातल्या साध्या कांडीच्या पोत्यावर ठेवलं.

शुक्रवारी मी आर्वीला गेलो होतो आणि सुनंदा दळण आणायला. दुकानात आई बसली. तेवढ्यात देवराव आला.

"काकू, चंद्री व्याली हाय. मालक म्हनते चांगला खुराक आन."

चंद्री म्हणजे मोठेबाबांची म्हैस. भाऊजींची म्हैस व्यालेली, रविवारी भाऊजी जेवायला यायचे, आणि आईचं मन ते! तिनं आतल्या खोलीत जाऊन पाहिलं. तिला जोडाक्षरं वाचता येत नाहीत, त्यामुळे 'स्पेशल' तिनं सोडून दिलं. 'खुराक' बरोबर वाचलं. एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय, म्हणजे मालही तसाच भारी असणार! देवरावच्या खांद्यावर तिनं ते पोतं स्वतःच्या हातानं चढवलं. आणि आम्हाला सांगायचं विसरली.

रविवार उजाडला. सकाळी नऊला लाइट गेली. त्या काळी भारनियमनाचं वेळापत्रक असायचं आणि लाइट त्यातली एकच गोष्ट पाळायची, ती म्हणजे जाणं. आतल्या खोलीत काळोख. मी चाचपडत कोपऱ्यातलं पोतं ओढलं आणि अंगणात आणलं.

"अवो, याच्यावर अक्षरं नाई दिसून राह्यली," सुनंदा म्हणाली.

"मागच्या बाजूनं असन."

"मागं पाहू का?"

"सोड नं! आधीच टाइम झाला!"

"निदान वास तं घ्या."

तेव्हा मी जे वाक्य बोललो ते आमच्या घरात अजून पाठ आहे. "वीस वर्सं झाले ढेप विकून राह्यलो! मले ढोराचं खाणं अन् शेगडीचं खाणं वेगळं समजत नाई का?"

शेगडीत दोन ओंजळी कांडी टाकली, रॉकेलचा बोळा पेटवला, पंखा सुरू केला. वर जाळी, जाळीवर एकवीस रोडगे, वर झाकण. सुरुवातीला सगळं छान होतं. मग एक गोड वास आला.

"पाह्य," मी म्हणालो, "बाभळीचा वास."

"हे तं गुळावानी येऊन राह्यलं."

"बाभळीले गोंद असते. गोंदाचा वास."

पाच मिनिटांनी वास करपायला लागला. दहा मिनिटांनी झाकणाखालून काळा, चिकट धूर निघाला आणि पंखा तो इमानेइतबारे ढकलत राहिला. मी काडीनं आतली कांडी हलवली तर ती फुगून तिचा लगदा झाला होता. आता मला कळायला हवं होतं. कांडीत मळी असते, मका असतो, मीठ असतं, हे गिऱ्हाइकाला मी रोज सांगतो. पण राग आला की माझं डोकं दुकान बंद करतं. मला वाटलं, आच कमी पडतेय. मी आणखी तीन ओंजळी टाकल्या!

नेमका तेव्हाच गायकी गावातली ढोरं घेऊन रानाकडे निघाला होता. भाजलेल्या कांडीचा तो वास रस्त्यावर गेला. पहिली गाय थांबली. तिनं मान वर केली. मग दुसरी. मग सगळा कळपच वळला आणि आमच्या फाटकातून आत शिरला.

"हाड! हाड! अबे गायकी, आवर नं तुही ढोरं!"

"थेच येऊन राह्यले, भाऊ! तुमी काय शिजवून राह्यले?"

एका गोऱ्ह्यानं वाळत घातलेलं लुगडं शिंगावर घेतलं. एक गाय वांग्याच्या भाजीच्या गंजाकडे निघाली, तिला सुनंदानं लाटण्यानं वाटेला लावलं. आई दारातून ओरडत होती, "वसंता, भाऊजी येऊन राह्यले!" आणि मी धुरानं काळाठिक्कर पडून, हातात चिमटा घेऊन, पंधरा-वीस जनावरांच्या मधे उभा होतो.

फाटकात मोठेबाबा. पांढरं धोतर, पांढरी टोपी, नऊ वर्षांनी या घरी जेवायला. त्यांनी एकवार सगळीकडे पाहिलं.

"काऊन रे वसंता? पोळ्याले तं अजून टाइम हाय नं?"

मी काही बोलणार तेवढ्यात मागून धडधड आवाज आला. चंद्री! खुंट्यासकट दावं ओढत, मागे देवराव लोंबकळत. ती ना मोठेबाबांसाठी थांबली ना माझ्यासाठी. सरळ आली आणि शेगडीजवळच्या पोत्यात कानापर्यंत तोंड घातलं.

मोठेबाबांचा चेहरा बदलला. "हे दोन दिसापासून खुराक मिसळेल चाऱ्याले तोंड लावून नाई राह्यली. निस्ती भुई हुंगते. डॉक्टर आनला, सुई टोचली. रातभर जीवाले घोर. अन् इथं येऊन बकाबका खाते?" त्यांनी पोत्यातली मूठभर कांडी काढली, नाकाशी नेली. "हे तं ढोराची कांडी हाय!"

अंगणात फक्त चंद्रीच्या चावण्याचा आवाज.

"मंग देवराव, आपल्या घरी काय आनलं तू?"

"काकूनं देलं थेच, मालक. त्याच्यावर हे एवढं मोठं लिहेल होतं. सपेशल खुराक."

आई दाराआडून पदर सावरत हळूच म्हणाली, "मीच देलं, भाऊजी. तुमच्या म्हशीले चांगलं जावं म्हनून."

माझ्या डोक्यात रागाचा असा लोळ उठला की काय सांगू! ओरडायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, ओरडायचं कोणावर? तो विक्रेता वर्ध्याला. पंख्यानं आपलं काम चोख केलं होतं. सुनंदानं तीनदा बजावलं होतं. आईनं जे दिलं ते मायेनं दिलं. चंद्री बिचारी दोन दिवस उपाशी. सगळ्या अंगणात राग काढण्याजोगं एकच माणूस होतं, आणि ते चिमटा धरून उभं होतं. आयुष्यात कधी आली नव्हती एवढी मला स्वतःची चीड आली.

मोठेबाबांनी झाकण उचललं. रोडगे काळे कुळकुळीत, मळीच्या धुरानं चकाकत होते. एक उचलून त्यांनी पायरीच्या फरशीवर आपटला. टण्ण!

"गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्याच्या बाबानं थट्टा करनाऱ्या व्यापाऱ्याच्या मालाचे गोटे केले म्हनते," ते म्हणाले. "तुह्यासाठी बाबाले तकलीफ घ्याचं कामच नाई पडलं."

दुसऱ्यांदा आपटला तेव्हा तो फुटला. आतून पांढरं, ओलं पीठ ओघळलं. मोठेबाबांनी तो अर्धा रोडगा माझ्या नाकासमोर धरला.

"कसा हाय?"

मी खाली पाहिलं. मग आईकडे पाहिलं. ती चौकट घट्ट धरून उभी होती.

"कच्चा," मी पुटपुटलो.

"काय म्हनलं?"

आणि इथे माझी ती जुनी खोड उफाळून आली.

"कच्चा! कच्चा हाय! माहा रोडगा कच्चा हाय, आतून निस्तं पीठ हाय!" मी असा किंचाळलो की दोन गाई फाटकाबाहेर पळाल्या.

मोठेबाबांनी उपरणं तोंडाला लावलं. मला वाटलं, आता हे निघाले. पण त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते! हसता हसता ओट्यावर बसले आणि म्हणाले, "सुनबाई, पानी आन. देवराव, घरून शेन्या घेऊन ये. अन् हे बह्याड बाजूले कर."

बह्याड म्हणजे वेडपट, म्हणजे मी.

पाणी ते गटागटा प्याले. आई तिथेच रडायला लागली. मग अंगणात शेणी रचली गेली, निखारा पडला, नव्यानं कणीक मळली, आणि दुपार कलता कलता मोठेबाबांच्या हातचे रोडगे ताटात आले. आईनं त्यांना स्वतः वाढलं. त्यांनी पहिला घास घेतला तेव्हा तिनं हात जोडले.

मग ते माझ्याकडे वळले. "फोड. अन् सांग."

मी रोडगा फोडला. तूप ओतलं. घास तोंडात घातला.

कच्चा होता! आतून, अगदी मधोमध, तस्साच, नऊ वर्षांपूर्वीसारखा कच्चा! सगळं अंग पेटलं माझं. जिभेवर शब्द आला. समोर आई माझ्याकडे पाहत होती, तिच्या तोंडातही तोच घास होता, आणि तिनं हळूच, डोळ्यांनीच, नाही म्हटलं.

मी पीठ गिळलं. "मस्त झाला, मोठेबाबा."

"दुसरा घे."

दुसराही घेतला. तोही कच्चाच होता. त्या दिवशी माझ्या पोटात जे दुखलं ते सोमवारपर्यंत दुखलं, पण तो घरातला अबोला मिटला तो मिटलाच. पुढे मोठेबाबा दर रविवारी येऊ लागले. (रोडगे घेऊन!)

शेगडी मी विकून टाकली. बाभळीच्या कांड्या देवरावनं परत आणून दिल्या, म्हणाला, "म्हैस पाह्यतही नाई याच्याकडं." तेव्हापासून दुकानात नवा माल आला की मी वास घेत नाही, चावत नाही. मूठभर नेऊन चंद्रीपुढे धरतो. तिनं तोंड लावलं तर खुराक, तोंड फिरवलं तर सरपण. वीस वर्षांच्या अनुभवापेक्षा ही पारख खात्रीची.

फक्त एक अडचण आहे. त्या दोन दिवसांच्या उपासाचा राग चंद्रीनं अजून सोडलेला नाही. मला पाहिलं की ती तोंड फिरवते.

"पाहा बरं," सुनंदा म्हणते, "आता काळा रंग आनू का? तुमच्यावरही लिहून ठेवतो. सरपण."